डुबलांचं नाव गरम आहे

तन्मय डुबलशी लग्न झालं तर केतकीच्या पदरात काय पडणार, याची मांडणी तिच्या आईनं, मनीषा इंगवले यांनी, दिवाळीच्या चकल्या पाडता पाडताच करून ठेवली होती. सासर दोन गल्ल्या पलीकडं, म्हणजे पोरगी हाकेच्या अंतरावर. जावई शाळेत कायम नोकरीला. चहा प्यायल्यावर कप स्वतः विसळून पालथा घालतो, हे मनीषाताईंनी डोळ्यांनी पाहिलं होतं. होणाऱ्या सासूबाईंची जीभ जरा लांब, पण उजवा कान कमी. म्हणजे उलट बोललेलं निम्मं वाया जाणार. हा कान त्यांनी जमेतच धरला होता. आणि सगळ्यात मोठी जमा अशी की, केतकीला तिची डबी सोडून कुठं जावं लागणार नव्हतं.

डुबलांच्या बाजूनं पाहिलं तर त्यांचा फायदा याहून मोठा. निंबळगावात आणि भोवतीच्या वाड्यांत लग्नाची मुलं उदंड आणि मुली शहरात, अशी स्थिती येऊन एक पिढी झाली होती. मुलांच्या आया देव पाण्यात ठेवून बसल्या होत्या. तन्मयची आई, वैशालीकाकू, फराळाचं ताट घेऊन स्वतः इंगवल्यांकडं आल्या आणि म्हणाल्या, "मनीषा, तुझ्या लेकीनं हो म्हटलं तर नुसता नारळ नाही आणणार मी. नारळाचं झाड आणून लावीन तुझ्या दारात."

दोन्ही बाजूंना इतका नफा दिसत असताना व्यवहार मोडतो, तेव्हा मध्ये कुणीतरी नवीन आलेलं असतं. इथं आली ती डबी.

डबी म्हणजे गावाचा नावांचा सर्व्हर. जगातल्या प्रत्येक यंत्राला आकड्यांचा एक पत्ता असतो; माणसाला मात्र आकडे लक्षात राहत नाहीत, नावं राहतात. म्हणून मध्ये कुणीतरी बसून, या नावाचा आकडा हा, असं सांगत राहावं लागतं. पूर्वी हे काम लांबच्या मोठ्या कंपन्या करायच्या. फुकट करायच्या, आणि कोणी काय विचारलं हे टिपून ते विकायच्या. त्याचा बोभाटा झाल्यावर टिपणं बंद झालं आणि फुकटही बंद झालं. मग गावांनी आपापले सर्व्हर बसवले. तोवर पाण्याच्या पंपापासून डेअरीच्या काट्यापर्यंत प्रत्येक वस्तूला नाव मिळालं होतं, आणि प्रत्येक घरालाही. घरनाव उघडलं की त्या घरानं दाखवायचं ठरवलेलं सगळं दिसे: माणसं, शिक्षण, शेत, फोटो, कुणाची साखर किती. स्थळ बघायला जायच्या आधी लोक घरनाव बघून घेत.

निंबळगावची डबी केतकीनं बनवलेली, आणि ती गुरांच्या जुन्या दवाखान्याच्या खोलीत होती. साबणाच्या वडीएवढा बोर्ड, छपरावर एक सोलर पाटी, आणि खायला एका लहान दिव्याइतकी वीज. तेवढ्यावर गाव आणि सगळ्या वाड्या चालत. जिल्ह्यावरून आलेले साहेब आधी मोठं यंत्र शोधत खोलीभर नजर फिरवत, आणि केतकी त्यांना खिळ्याला टांगलेली डबी दाखवी.

तिची युक्ती साधी होती. एखादं नाव पहिल्यांदा कुणी विचारलं की डबी उपग्रहाच्या अरुंद वाटेनं राज्याच्या नामकेंद्राला विचारते, आणि उत्तर यायला आवंढा गिळून व्हावा इतका वेळ जातो. उत्तराबरोबर त्याचं आयुष्यही येतं, की हे अर्धा दिवस खरं धरा. तेवढा वेळ डबी ते लक्षात ठेवते, आणि मध्ये दुसऱ्या कुणी तेच विचारलं तर पापणी लवायच्या आत सांगून टाकते. लोक जे नाव सारखं विचारतात, ते विसरायच्या थोडं आधी डबी आपणहून ताजं करून घेते. जे कुणी विचारत नाही, त्याला जागा देत नाही. आणि कोणी काय विचारलं याची नोंद ती ठेवतच नाही. लिहून लिहून स्वस्तातलं मेमरी कार्ड झिजतं, हे एक. दुसरं म्हणजे केतकीनं ग्रामसभेत तसा शब्द दिला होता.

रोज सकाळी डबीची देखभाल झाली की ती एक नाव विचारून बघे. पंप सुरू केल्यावर माणूस पाइपाखाली हात धरतो, तसंच हे. तिच्या बोटांना डुबलांचं घरनाव सवयीचं झालं होतं. पहिल्यांदा ते सहज टाइप झालं असेल. नंतर सहज म्हणणं कठीण.

तन्मय शाळेच्या टॅब्लेटांची कुरकुर घेऊन दवाखान्यात येई, चहा होई, कप विसळला जाई. दोघांत स्पष्ट असं काही बोलणं झालेलं नव्हतं. पण नाकारावं असंही काही शिल्लक राहिलेलं नव्हतं.

आता बापू शेलार. बापू सोयरिकी जुळवत. त्यांच्या पिशवीत पंचांग आणि फोन एकत्र असे, आणि दिवसभर लोकांची घरनावं उघडणं हाच त्यांचा धंदा. त्यामुळं जी गोष्ट डबी बनवणारीच्या लक्षात आली नव्हती, ती त्यांच्या आली. काही नावं बोट लागताच उघडतात, काही घुटमळतात. घुटमळलं, म्हणजे आज त्या घराची कुणी विचारपूस केलेली नाही. लगेच उघडलं, म्हणजे आपल्या आधी कुणीतरी डोकावून गेलंय. लगेच उघडणाऱ्याला बापूंनी गरम म्हटलं आणि घुटमळणाऱ्याला गार. हे गुपित त्यांनी फार जपलं. एका वेळी एकालाच सांगितलं.

महिन्याभरात गाव तापमान बघायला शिकलं. शेत विकायला काढलेला माणूस आपलं घरनाव शेजाऱ्याच्या फोनवरून उघडून बघे आणि लगेच उघडलं तर भाव वाढवे. डेअरीच्या निवडणुकीतला उमेदवार दात घासायच्या आधी विरोधकाचं नाव चाचपून घेई. तालुक्याच्या हाडाच्या डॉक्टरचं नाव गरम लागलं की कोण पडलं ते शोधत बायका दोन गल्ल्या फिरून येत.

आणि डुबलांचं नाव रोज सकाळी गरम.

"वहिनी, एक दिवस खाडा नाही," बापू डुबलांच्या ओट्यावर बशीत चहा ओतत म्हणाले. "सुट्टीच्या दिवशीसुद्धा."

"कोण असंल ओ बापू?" वैशालीकाकूंनी डावा कान पुढं केला.

"एक कोण असतंय का? एवढी गरमी एका माणसाची नसती."

काकूंनी त्या दिवसापासून बघायला सुरुवात केली. सकाळी एकदा, जेवणानंतर एकदा, मालिका संपली की एकदा. प्रत्येक वेळी गरम. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दारात ताट घेऊन गेलेल्या बाईला आपल्या दारात अदृश्य रांग दिसायला लागली, तर दोष कुणाला द्यावा?

होळीच्या आधी गिरणीत मनीषाताईंनी त्यांना गाठलं.

"वैशालीताई, पाडव्याला बोलणी करायचं ठरलं होतं आपलं."

"बघू गं. घाई कसली आलीय?"

"घाई तुमचीच होती."

"चार ठिकाणची विचारणा आहे आता. मी काय बोलवायला गेले होते का कुणाला?"

"नारळाचं झाड लावणार होता तुम्ही."

काकूंनी शांतपणे उजवा कान पुढं केला आणि पिठाचा डबा उचलला.

विचारणा खोटी नव्हती. खालच्या वाडीचे कारंडे खरंच येऊन गेले होते. मुलगी नर्स, गोरीगोमटी, इथंच राहायला तयार. पाठोपाठ घाटातले एक पोल्ट्रीवाले आले. दोघांनाही बापूंनी सांगितलं होतं की नाव गरम आहे, उशीर करू नका. आणि दोघांनाही काकूंनी पोहे घालून सांगितलं, कळवतो. रांग एवढी लांब असताना पहिल्या दोघांनाच कोण हो म्हणतं?

मनीषाताईंनी घरी येऊन पिठाचा डबा आदळला. "रोज सकाळी गरम असतं म्हणे त्यांचं नाव. सुट्टीच्या दिवशीसुद्धा. म्हणून मिजास."

केतकी भाकरी थापत होती. तिचा हात परातीत थांबला. सुट्टीच्या दिवशीही सकाळी नियमानं ते नाव विचारून बघणारं निंबळगावात एकच माणूस होतं.

ज्याचा भाव आपल्याला परवडावा म्हणून माणूस धडपडतो, त्याचा भाव त्यानंच वाढवत न्यावा, असं सहसा होत नाही. केतकीनं ते न चुकता केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं डुबलांचं नाव विचारलं नाही, हवामान खात्याचं विचारलं. तिचा हिशेब सरळ होता: उत्तराचं आयुष्य अर्ध्या दिवसाचं, कुणी विचारलं नाही की संध्याकाळपर्यंत नाव आपोआप गार पडेल, काकूंचा ताप उतरेल. तीन-चार दिवस तिनं धीर धरला. मग न राहवून विचारून बघितलं.

पापणी लवायच्या आत उत्तर आलं.

तेव्हा तिला आपल्या यंत्राची खरी गंमत कळली. नाव गार पडलं का हे बघायचं तर ते विचारावं लागतं, आणि विचारलं की ते गरम होतं. घरात कुणी झोपलंय का, हे मोठ्यानं हाक मारून विचारावं तसं. काकू दिवसातून तीनदा हाक मारत होत्या. बापू मारत होते. कारंडे कळवतो म्हटल्यापासून मारत होते. पोल्ट्रीवाले कारंड्यांनी काय केलं असेल म्हणून मारत होते. ज्यांना मुलगीच नव्हती असे लोकही, एवढं काय आहे त्या घरात, म्हणून एकदा डोकावत होते. आणि सारखं विचारलं जाणारं नाव ताजं ठेवायचं हे तर केतकीनंच डबीला शिकवलेलं. तिच्या एका सकाळच्या फुंकरीनं पेटलेली चूल आता तिच्याशिवाय नीट चालली होती.

तिच्यापुढं सोपा रस्ता एकच होता. दोन ओळी लिहिल्या की डबी कोण विचारतं ते टिपायला लागली असती. ती यादी काकूंपुढं ठेवायची: बघा, निम्म्याहून जास्त वेळा तुम्हीच आहात. पण त्या यादीत गावातल्या बाकीच्यांचं बाकीचंही आलं असतं, आणि दिलेला शब्द गेला असता. तिनं त्या दोन ओळी लिहिल्या नाहीत. लिहाव्याशा वाटल्या, हे मात्र खरं.

शाळा सुटल्यावर तन्मय आला. बऱ्याच दिवसांनी. टॅब्लेट आणला नव्हता.

"डबी बरी आहे ना?"

"तिला काय धाड भरलीय? बस. चहा टाकते."

तो बसला. नवा शर्ट होता. केतकीनं आधण ठेवलं. थोडा वेळ शाळेच्या गच्चीचं, थोडा वेळ नव्या मुख्याध्यापकांचं झालं.

"केतकी, तुला आतून दिसत असेल ना? कोण कोण विचारतं ते?"

"नाही. नोंदच नाही."

"पण ठेवता येते."

"येते."

"मग एकच दिवस ठेव ना. सगळ्यांची नको. फक्त आमच्या नावाची."

"कशाला?"

"कशाला म्हणजे..." तो हसला. "माणसाला कळायला नको का, आपल्यावर कुणाकुणाचा डोळा आहे?"

"तूही बघतोस का? तुमचंच नाव उघडून?"

"मधल्या सुट्टीत. सहज."

केतकीनं चहा गाळला. कप त्याच्या हातात दिला. मग म्हणाली, "पहिलं कोण होतं ते मी नोंदीशिवाय सांगते. मी होते. डबी चालते का बघायला रोज सकाळी तुमचं नाव विचारायचे. बापूंना पहिल्यांदा जी गरमी लागली ती माझी. पुढची तुम्ही सगळ्यांनी मिळून केलीत."

या वाक्यानंतर तो काय म्हणेल, याची तिनं मनात बरीच उत्तरं लावून पाहिली होती. काही चांगली होती. एका उत्तरात तर तो नुसताच हसत होता आणि दुसरा चहा मागत होता.

"फक्त तुझीच?" तन्मय म्हणाला.

आवाजात राग नव्हता. बाजार समितीतून फोन यावा आणि पडलेला भाव माणसानं पुन्हा एकदा विचारून घ्यावा, तसं त्यानं विचारलं. आपण काय बोललो हे लगेच त्याच्या ध्यानात आलं. तो काहीतरी सावरायला गेला, शाळेचं काही काम आठवलं, आणि उठला. कप तसाच टेबलावर राहिला.

तो केतकीनं विसळला. पालथा घातला. आणि डबीपुढं बसली.

तिनं केलं ते इतकंच. घरनावांची आणि माणसांच्या नावांची उत्तरं डबीकडं तयार असली तरी लगेच द्यायची नाहीत. गार नावाचं उत्तर यायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ गरम उत्तरही मुठीत धरून ठेवायचं आणि मग उघडायचं. पंप, काटे, दवाखान्याचं यंत्र यांना वगळलं. त्यांना कुणाच्या लग्नाशी देणंघेणं नसतं. कुणाचंही नाव विचारा, सगळ्यांना सारखंच थांबायचं. डबीला त्यात जास्तीचं काम जवळजवळ नव्हतंच. तिला थांबायला वीज लागत नाही.

गावाला मात्र थांबणं जड गेलं. आठवडा उलटायच्या आत सरपंच सुरेखाताई माने यांनी ग्रामसभा बोलावली. सभागृह भरलं. एरवी गटाराच्या विषयाला सात माणसं येत.

केतकीनं उभं राहून सांगितलं. वेग का कमी केला, गरम आणि गार म्हणजे काय, एकाच्या विचारण्याची ऊब दुसऱ्याला कशी लागते. "यंत्र बिघडलेलं नाही. पण शेजारी काय शोधतो ते त्याच्यामुळं कळत होतं. आता कळणार नाही. गावाला जुना वेग हवा असेल तर आज परत करते."

मागून कुणीतरी विचारलं, "मग डुबलांचं नाव गरम होतं ते खरं का खोटं?"

तन्मय शिक्षकांच्या रांगेत बसला होता. तो पायांकडं बघत होता. वैशालीकाकूंनी डावा कान पुढं केला होता.

खरं सांगायची ही जागा होती. सगळं गाव हजर होतं, आणि एका वाक्यात काकूंची रांग आणि तन्मयचा नवा शर्ट दोन्ही उतरले असते.

"कुणाचं गरम होतं ते आता डबीलाही सांगता येणार नाही," केतकी म्हणाली आणि खाली बसली.

"झालं तर मग," सुरेखाताई म्हणाल्या. "ज्यांना जुना वेग परत पाहिजे, त्यांनी हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. जुना वेग जवळजवळ सगळ्यांनाच हवा होता. पण तो कशाला हवा, असं शेजारच्यानं विचारलं तर काय सांगायचं? बापू शेलारांचा हात वर निघाला, टोपीपर्यंत पोचला, टोपी सारखी केली आणि खाली आला. दात घासायच्या आधी विरोधकाचं नाव चाचपणारे दोन्ही उमेदवार एकमेकांकडं बघून छातीवर हात बांधून बसले.

"एकमतानं मंजूर," सुरेखाताईंनी लिहून घेतलं. निंबळगावात असं एकमत त्याआधी झाल्याचं कुणाला आठवत नाही.

थर्मामीटर गेल्यावर ताप कुणालाच दिसेना. डुबलांचं नाव आता इतर सगळ्यांसारखंच घुटमळून उघडायचं. कारंडे आणखी पंधरवडाभर थांबले आणि मुलीचं मिरजेत ठरवून मोकळे झाले. कारंडे मागं सरले हे पोल्ट्रीवाल्यांना कळल्यावर, कारंड्यांनी नाकारलं म्हणजे काहीतरी असणार, असं वाटलं. काकू ओट्यावर बसून राहिल्या. रांगेतलं एकही माणूस प्रत्यक्षात उगवलं नाही.

अक्षय तृतीयेच्या आधी त्या इंगवल्यांच्या दारात आल्या. हातात काळ्या पिशवीत नारळाचं रोप होतं, हातभर उंच, दोन पानांचं.

"म्हटलं होतं ना, झाड लावीन म्हणून." त्या उंबऱ्यावरच बसल्या. "मनीषा, माझं चुकलं. बापूनं डोक्यात घातलं आणि मी घालून घेतलं. आता पोरांचं आपण उरकून टाकू."

मनीषाताईंनी लेकीकडं बघितलं. त्यांची मांडणी अजून पाठ होती: हाकेचं अंतर, कायम नोकरी, कप, कान. त्यांच्या डोळ्यांत ती सगळी जमा पुन्हा उजळलेली दिसत होती.

"काकू, रोप ठेवा," केतकी म्हणाली. "लग्नाचं नको."

"का गं? माझ्या तन्मयमध्ये काय कमी आहे?"

"त्याच्यात काही कमी नाही. त्याला मी कमी पडले."

काकूंनी डावाच कान पुढं केला होता, त्यामुळं नीट ऐकू आलं. त्यांनी पदरानं रोपाच्या पानावरची धूळ पुसली, आणि पाणी रोज घालावं लागेल एवढं सांगून गेल्या.

आता कुणी काय भरलं ते बघू.

गावानं दर नावामागं एका आवंढ्याएवढा वेळ भरला. तो सगळ्यांत समान वाटला गेल्यामुळं कुणाच्या अंगावर आला नाही, आणि वर्षभरात लोक विसरलेही. बापूंचं तापमान गेलं, पण चौकशीला पुन्हा घरोघरी जावं लागतं म्हणून चहा वाढला. त्यांची बाजू बरोबरीत सुटली. वैशालीकाकूंनी दोन चांगली स्थळं आणि एक रोप भरलं. तन्मयचं पुढं घाटापलीकडच्या मुलीशी जमलं. तिच्या गावाची डबी वेगळी, त्यामुळं त्याचं नाव इकडं कधीकाळी गरम होतं हे तिला माहीत नाही, आणि ते तो तिला सांगतही नाही. संसार सुखाचा आहे, तेव्हा त्याच्या नावावर तोटा धरता येत नाही. मनीषाताई नारळाला रोज पाणी घालतात आणि घालताना पुटपुटतात. झाड लागलंय.

उरलेलं सगळं केतकीनं भरलं, आणि त्यावर ती कुणाशी बोललेली नाही.

सकाळी डबीची देखभाल झाल्यावर ती अजून एक नाव विचारून बघते. आता गल्लीच्या क्रमानं, रोज वेगळं घर. म्हातारा-म्हातारीचं, कुलूप लागलेलं, ज्याची चौकशी कुणी करत नाही असंही. त्या दिवशी ते घर अर्धा दिवस गरम राहतं, आणि ते कुणालाच कळत नाही. डुबलांची पाळी आली की त्यांचंही विचारते. उत्तर यायला सगळ्यांना लागतो तेवढाच वेळ लागतो. तेवढा वेळ ती थांबते.